वाचक विचारतात: व्हीएम हलवताना, जपताना

या महिन्याच्या टपालात व्हर्च्युअलायझेशनचेच प्रश्न जास्त आले. त्यांतले बरेचसे व्हीएमवेअर सोडून प्रॉक्समॉक्सकडे कसे जायचे याबद्दल आहेत, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. व्हीएम म्हणजे एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेला स्वतंत्र संगणक. असे संगणक चालवणारी व्हीएमवेअरची यंत्रणा म्हणजे ईएसएक्सआय, तेच काम करणारी दुसरी यंत्रणा म्हणजे प्रॉक्समॉक्स. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती छोट्या इंग्रजी अक्षरांत घ्यावीत.

प्रश्न: शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत मी आयटीचे काम पाहतो. एका सर्व्हरवर ईएसएक्सआय ७ आणि त्यावर पाच व्हीएम आहेत: डोमेन कंट्रोलर, टॅली, ईआरपीचा एसक्यूएल सर्व्हर, फाइल सर्व्हर आणि यूएसबी डोंगलवर चालणारे कास्टिंग सिम्युलेशन. लायसन्सचे नूतनीकरण मालकांना परवडत नाही. प्रॉक्समॉक्सवर जायचे तर काम किती वेळ बंद राहील? आमची सुट्टी सोमवारी असते.

पाच व्हीएमचे काम एका सोमवारात होते. मात्र त्याआधी दोन आठवडे तयारी करा, कारण घोडे बहुतेक वेळा तयारीतच अडते.

मालकांना सांगायची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केली आणि त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता कोअरप्रमाणे वर्गणी भरावी लागते आणि एका प्रोसेसरचे किमान १६ कोअर धरले जातात. तुमच्या जुन्या सर्व्हरात ८ कोअरचा प्रोसेसर असला तरी पैसे सोळाचेच. ईएसएक्सआय ७ चा सर्वसाधारण सपोर्टही २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एप्रिल २०२५ मध्ये मोफत ईएसएक्सआय पुन्हा मिळू लागले, पण ते व्हीसेंटर या मध्यवर्ती व्यवस्थापनाला जोडता येत नाही. कारखान्याचा रोजचा हिशेब त्यावर ठेवावा असे आम्हाला वाटत नाही.

चालू सर्व्हर पुसून त्यावरच प्रॉक्समॉक्स टाकू नका. दुसरे मशीन घ्या, भाड्याचे किंवा उसने चालेल. जुना सर्व्हर जसाच्या तसा उभा असेल तर काही बिघडल्यावर दहा मिनिटांत मागे फिरता येते. नव्या मशीनमध्ये बॅटरीवाले रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून दाखवणारे कार्ड असेल, तर त्यावर एलव्हीएम-थिन ही साठवण पद्धत लावा. डिस्कवरचा डेटा स्वतः तपासणारी झेडएफएस ही फाइल सिस्टम हवी असेल तर कार्ड एचबीए मोडला आणा, म्हणजे डिस्क तिला थेट दिसतील. रेड कार्डाच्या मागे झेडएफएस ठेवले की डिस्कची खरी अवस्था त्याला दिसत नाही आणि खराब ब्लॉक स्वतः दुरुस्त करण्याची त्याची ताकद वाया जाते.

आता ईएसएक्सआयवर असतानाच प्रत्येक विंडोज व्हीएममध्ये करायची कामे. आयपी, गेटवे, डीएनएस कागदावर उतरवा. व्हर्टआयओ-विन ही आयएसओ जोडून तिच्यातले ड्रायव्हर आणि गेस्ट एजंट टाका. जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या एखाद्या क्षणाच्या जपलेल्या अवस्था) काढून टाका, स्नॅपशॉटची साखळी लांब असली की इम्पोर्ट रखडतो. बिटलॉकर हे डिस्कचे एनक्रिप्शन चालू असेल तर बंद करा किंवा रिकव्हरी की हाताशी ठेवा, कारण व्हर्च्युअल टीपीएममधला (किल्ल्या ठेवणाऱ्या चिपमधला) मजकूर सोबत येत नाही. सर्वांत शेवटी व्हीएमवेअर टूल्स काढा. हे काम मागे राहिले तर प्रॉक्समॉक्सवर गेल्यावर त्याचा अनइन्स्टॉलर ‘हे व्हीएमवेअरचे मशीन नाही’ म्हणून अडून बसतो.

इम्पोर्टची सोय २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्येच आहे. डेटासेंटर, स्टोरेज, ॲड, ईएसएक्सआय असे जा आणि पत्ता ईएसएक्सआयचाच द्या. व्हीसेंटरचा दिला तरी चालते, पण वेग कैक पटींनी घसरतो. सर्टिफिकेट स्वतःच बनवलेले असेल तर तपासणी वगळण्याच्या चौकटीत खूण करा. डाव्या बाजूच्या यादीत ते स्टोरेज निवडले की व्हीएम दिसतात. व्हीएम बंद करा आणि मग इम्पोर्ट दाबा. ईएसएक्सआय ६.५ ते ८.० चालतात, व्हीसॅन या व्हीएमवेअरच्या सामायिक साठवणीवरच्या डिस्क या वाटेने येत नाहीत.

वेळेचा हिशेब सोपा आहे. १ गिगाबिटच्या केबलवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास डेटा जातो, म्हणजे ५०० जीबीला सव्वा तास. पाचही व्हीएम एकदम सुरू करण्याचा मोह टाळा. ईएसएक्सआय ठरावीक संख्येपलीकडच्या विनंत्या नाकारतो आणि इम्पोर्ट अर्ध्यावर तुटतो. एका वेळी एक, फार तर दोन. तिथे ‘लाइव्ह इम्पोर्ट’ची चौकट दिसेल, तिच्यामुळे डेटा येत असतानाच व्हीएम सुरू होते. फाइल सर्व्हर पटकन उभा करायला ती ठीक, पण एसक्यूएलला अजिबात वापरू नका. मध्येच नेटवर्क तुटले तर व्हीएम सुरू झाल्यापासून लिहिलेले सगळे जाते. एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअपही आदल्या रात्री वेगळा काढून ठेवा.

पहिल्या बूटला निळा पडदा आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा मजकूर आला तर घाबरू नका, डेटा शाबूत असतो. ड्रायव्हर टाकलेला असला तरी त्या प्रकारची डिस्क एकदाही न दिसल्यामुळे विंडोज तो बूटच्या वेळी उचलत नाही. व्हीएम बंद करा, बूट डिस्क डिटॅच करून साटा म्हणून जोडा, आणि सोबत १ जीबीची रिकामी डिस्क स्कझीवर द्या. कंट्रोलरचा प्रकार व्हर्टआयओ स्कझी सिंगल. विंडोज साटावरून उठेल, रिकामी डिस्क ओळखेल आणि ड्रायव्हर बसेल. मग पुन्हा बंद करून बूट डिस्क स्कझीवर आणा, रिकामी डिस्क काढा आणि ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डर नव्याने लावा. ही शेवटची पायरी विसरल्यामुळे ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मूळ व्हीएम बायोसवर असेल तर सीबायोस, यूईएफआयवर असेल तर ओव्हीएमएफ. यात अदलाबदल झाली तरी बूट होत नाही.

नेटवर्क कार्ड नवे दिसते. जुना आयपी द्यायला गेलात की ‘हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे’ असे विंडोज सांगते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवा आणि फिकट दिसणारे व्हीएमएक्सनेट३ काढून टाका.

डोमेन कंट्रोलर मात्र हलवू नका. प्रॉक्समॉक्सवर विंडोज सर्व्हरची नवी व्हीएम करून तिला दुसरा डोमेन कंट्रोलर बनवा, सर्व भूमिका तिच्याकडे द्या आणि जुना रीतसर उतरवा. हे काम सोमवारची वाट न पाहता आधीच होते आणि जुनी-नवी प्रत एकाच वेळी चालू राहण्याचा धोका उरत नाही.

डोंगलसाठी हार्डवेअर, ॲड, यूएसबी डिव्हाइस. पोर्टऐवजी व्हेंडर आयडीने जोडा, म्हणजे कोणी डोंगल दुसऱ्या भोकात लावला तरी चालेल. मात्र एकाच कंपनीचे दोन सारखे डोंगल असतील तर पोर्टनेच जोडावे लागतात. सिम्युलेशन किंवा ईआरपीचे लायसन्स मशीनच्या यूयूआयडीशी बांधलेले असेल, तर जुना यूयूआयडी ऑप्शन्समधल्या एसएमबायोस सेटिंगमध्ये घाला आणि विक्रेत्याला आधीच फोन करून ठेवा. सोमवारी सुट्टी तुमची असते, त्याची असेलच असे नाही.

सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ ठेवला की वेग मिळतो असे सगळीकडे वाचायला मिळते. लिनक्सला ते खरे आहे. नव्या विंडोजमध्ये मात्र ‘होस्ट’ दिल्यावर विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशनवर चालणारी सुरक्षा जागी होते आणि मशीन उलट मंदावते. अशा वेळी मूळचा एक्स८६-६४-व्ही२-एईएस हाच प्रकार ठेवून फरक पाहा.

जुना ईएसएक्सआय पुढचे दोन आठवडे बंद स्थितीत तसाच राहू द्या. त्यात एक महिनाअखेर यावी, म्हणजे पगारपत्रक आणि जीएसटीचे काम नव्या मशीनवर एकदा होऊन जाईल.

प्रश्न: गोकुळ शिरगावातून. प्रॉक्समॉक्सऐवजी एक्ससीपी-एनजी घ्यावे का?

घ्यायला हरकत नाही. व्हीएम चालवणारा गाभा दोघांचा वेगळा: प्रॉक्समॉक्स केव्हीएमवर उभे आहे, एक्ससीपी-एनजी झेनवर. त्याची ८.३ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि जून २०२५ मध्ये दीर्घ मुदतीची ठरली. व्हीएमवेअरची सवय असलेल्याला झेन ऑर्केस्ट्रा या त्याच्या व्यवस्थापन पानाची मांडणी ओळखीची वाटते. अडचण मोठ्या डिस्कची आहे. त्याचा नेहमीचा व्हीएचडी प्रकार एका डिस्कला २ टीबीच्या पुढे जाऊ देत नाही. सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग किंवा मोठा फाइल सर्व्हर असेल तर हे आधी तपासा.

प्रश्न: इचलकरंजीतील सूतगिरणीत प्रॉक्समॉक्स ८.४ चालू आहे, दोन नोड. ९ वर जावे का? एका जुन्या कंटेनरात सेंटओएस ७ आहे.

जावे लागेल. ८ च्या मालिकेची मुदत ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे. ९.० ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ वर आली, तिच्यामागून नोव्हेंबरात ९.१.

तुमचा सेंटओएस ७ चा कंटेनर (होस्टचेच कर्नल वापरणारी हलकी यंत्रणा) ९ वर सुरूच होणार नाही. रॅम-सीपीयूची वाटणी करणाऱ्या सीग्रुप या लिनक्सच्या सोयीची पहिली पद्धत ९ मधून काढून टाकली आहे आणि सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा भाग) २३० किंवा त्याहून जुनी असलेले कंटेनर तिच्यावरच चालत होते. सेंटओएस ७ मध्ये २१९ आहे, उबुंटू १६.०४ मध्ये २२९. तो कंटेनर आधी पूर्ण व्हीएममध्ये हलवा किंवा आतले सॉफ्टवेअर नव्या डेबियनवर न्या. ग्लस्टरएफएस या सामायिक फाइल सिस्टमचा आधारही ९ मध्ये नाही.

सर्व व्हीएमचे बॅकअप झाले की पीव्हीई८टू९ ही तपासणी ‘फुल’ पर्यायासह चालवा. ती काही बदलत नाही, फक्त सांगते. लाल ओळी संपेपर्यंत पुढे जाऊ नका. सिस्टमडी-बूट हे पॅकेज काढा असे ती सांगत असेल तर नक्की काढा, ते राहिल्यामुळे अपग्रेडनंतर बूट अडल्याची उदाहरणे आहेत. सेफ (Ceph) ही अनेक नोडवर पसरलेली साठवण वापरत असाल तर ती आधी १९.२ वर हवी. अपग्रेड वेब पानावरच्या कन्सोलवरून करू नका, कारण मध्येच ती सेवा स्वतःच पुन्हा सुरू होते आणि कन्सोल तुटतो. सर्व्हरला प्रत्यक्ष मॉनिटर-कीबोर्ड जोडा, नाहीतर एसएसएचमध्ये टीमक्स लावा, म्हणजे कनेक्शन तुटले तरी काम चालू राहील.

सर्वांत जास्त धावपळ होते ती नेटवर्कच्या नावामुळे. नव्या कर्नलमध्ये कार्डाचे नाव बदलले, की ब्रिज (व्हीएमना नेटवर्क कार्डाशी जोडणारा दुवा) जुन्याच नावाला धरून बसतो आणि नोड नेटवर्कवरून गायब होतो. मॉनिटर जोडलेला असेल तर दोन मिनिटांचे काम: आयपी लिंक आज्ञेने नवे नाव पाहा, इंटरफेसेस फाइलमध्ये बदला. पुढे असे होऊ नये म्हणून ९ मध्ये पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग हे साधन आहे, नावे त्याने पक्की करा.

जुने सॅन, म्हणजे सर्व नोडची सामायिक डिस्क-पेटी, वापरणाऱ्यांसाठी ९ मधली एक नवी सोय महत्त्वाची आहे: शेअर्ड एलव्हीएमवरही आता स्नॅपशॉट घेता येतात. पण ती अजून चाचणी स्वरूपात आहे आणि प्रत्येक स्नॅपशॉट डिस्कच्या पूर्ण मापाची जागा अडवतो. ५०० जीबीच्या डिस्कचे तीन स्नॅपशॉट म्हणजे दीड टीबी गेले. आधीच्या रॉ डिस्क आपोआप त्या प्रकारात येत नाहीत. उत्पादनाच्या डेटावर आम्ही ती इतक्यात लावणार नाही.

प्रश्न: गुजरीतील सराफी पेढी. ३२ जीबी रॅम, साध्या दोन एसएसडीवर झेडएफएस मिरर, तीन व्हीएम मिळून २४ जीबी रॅम दिली आहे. मोठी फाइल कॉपी केली की सगळेच गोठते. रात्री एखादी व्हीएम आपोआप बंद पडलेली असते. सुरुवातीला आवृत्ती ७ टाकली होती, नंतर अपग्रेड करत आलो.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

रात्री बंद पडणे रॅममुळे. झेडएफएस स्वतःच्या कॅशेसाठी रॅम घेते. ८.१ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ही मर्यादा एकूण रॅमच्या १० टक्के ठेवली जाते, पण तुमची यंत्रणा ७ पासून चालत आलेली असल्याने जुनीच निम्म्याची मर्यादा टिकून आहे. १६ अधिक २४ म्हणजे ४०, आणि आहेत ३२. रात्री बॅकअप सुरू झाला, कॅशे फुगली, की लिनक्स सर्वांत मोठी प्रक्रिया मारते, आणि ती असते तुमची व्हीएम. जर्नलमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि त्याच ओळीत ‘केव्हीएम’ दिसेल. ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात झेडएफएस.कॉन्फ फाइल करून झेडएफएस_एआरसी_मॅक्स ला ४२९४९६७२९६ ही किंमत द्या, म्हणजे ४ जीबी. मग अपडेट-इनिटरॅमएफएस चालवून रीबूट. मधली पायरी राहिली तर रूट झेडएफएसवर असल्यामुळे बदल लागू होत नाही.

गोठणे एसएसडीमुळे. घरगुती एसएसडीला वीज गेल्यावर आतला मजकूर वाचवणारे कपॅसिटर नसतात. म्हणून प्रत्येक पक्क्या लेखनाला तिला चिपपर्यंत जाऊन यावे लागते. क्यूएलसी या स्वस्त प्रकारच्या चिपमध्ये आतली जलद जागा भरली की वेग साध्या हार्डडिस्कच्याही खाली जातो. पीव्हीईपर्फ चालवून एफसिंक्सचा आकडा पाहा. तो शे-दोनशेत असेल तर उपाय एकच, पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्या सर्व्हरच्या एसएसडी. त्यांवर तो हजारांत जातो. एक-एक करून बदलता येतात: नवी डिस्क लावा, झेडपूल रिप्लेस, रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा उतरणे) पूर्ण होऊ द्या, मगच दुसरी. बूट विभाजन नव्या डिस्कवर प्रॉक्समॉक्स-बूट-टूलने वेगळे करावे लागते. ते विसरलात तर डेटा असूनही एके दिवशी सर्व्हर उठणार नाही.

वेग वाढावा म्हणून सिंक बंद करा किंवा कॅशे ‘अनसेफ’ करा, असा सल्ला कोणी देईल. सोन्याच्या पेढीचे खतावणीचे पान मध्येच अर्धे राहिले तर चालणार आहे का? वीज जाणाऱ्या गावात हा उपाय करू नका. उलट यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून एनयूटी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे बॅटरी उतरताना व्हीएम रीतसर बंद होतील. प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला बंद व्हायला १८० सेकंद देते. यूपीएस किती मिनिटे धरतो ते त्याच्याशी जुळवा.

प्रश्न: शाहूपुरीत आमचे ऑफिस तळमजल्यावर आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आले. बॅकअप कसा ठेवावा?

सर्व्हर आणि बॅकअप एकाच खोलीत असतील तर ते दोन नाहीत, एकच आहेत. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर, वरच्या मजल्यावर ठेवा. यूपीएसही वर न्या, बॅटऱ्या जमिनीवरच असतात. त्याच सर्व्हरच्या पोटात व्हीएम म्हणून बॅकअप सर्व्हर चालवू नका.

दुसरी प्रत कोल्हापूरबाहेर हवी, आणि ती नेटवरून मिळेल अशीच. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. डिस्क आणायला गाडी निघालीच नसती. मात्र १ टीबीची पहिली प्रत ५० एमबीपीएसच्या अपलोडवर चढवायला जवळपास दोन दिवस लागतात. त्यापेक्षा कोरड्या दिवसांत दूरचे मशीन इथेच आणून लॅनवर सिंक करा आणि मग त्याच्या जागी पाठवा. पुढे फक्त बदललेले तुकडे जातात. नोव्हेंबर २०२४ च्या ३.३ आवृत्तीपासून सिंक इथूनही ढकलता येतो आणि काढता येणाऱ्या डिस्कवरही डेटास्टोअर करता येते. ४.० मध्ये एस३ (क्लाउडवरची साठवण) ची सोय आली आहे, पण चाचणी स्वरूपात.

बॅकअप एनक्रिप्ट करत असाल तर किल्ली कागदावर छापून घरी ठेवा. ती बुडालेल्या सर्व्हरवरच राहिली तर दूरची प्रत उघडत नाही. जुने बॅकअप प्रून केले, म्हणजे यादीतून काढले, तरी जागा लगेच सुटत नाही. गार्बेज कलेक्शन चालावे लागते, आणि तेही गेल्या २४ तास ५ मिनिटांत वापरलेल्या तुकड्यांना हात लावत नाही. जागा भरल्यावर धावाधाव करून काही होत नाही, म्हणून ८० टक्क्यांना इशारा लावा.

महिन्यातून एकदा एक व्हीएम वेगळ्या क्रमांकाने परत आणून पाहा. ‘युनिक’वर खूण करा, नेटवर्कची लिंक तोडा, मग सुरू करा आणि आत जाऊन कालची फाइल उघडा. आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की शेवटचा बॅकअप घेऊन सर्व्हर बंद करा आणि वर हलवा. ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत थांबलात तर वीज आणि माणसे दोन्ही हाताशी नसतील.

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू २४.०४ वर व्हर्च्युअलबॉक्स आहे. अपडेटनंतर एकही व्हीएम सुरू होत नाही, ‘व्हीएमएक्स इन व्हीएमएक्स रूट मोड’ असे काही येते. शिवाय एक्स्टेन्शन पॅक चालतो का, की पैसे पडतात?

लिनक्स कर्नल ६.१२ पासून केव्हीएम लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय ताब्यात घेते. पूर्वी पहिली व्हीएम सुरू होईपर्यंत थांबत असे. तुमच्या अपडेटमध्ये ६.१४ कर्नल आले असणार. तात्पुरते करायचे तर मॉडप्रोबला वजा आर देऊन केव्हीएम_इंटेल काढा, एएमडी असेल तर केव्हीएम_एएमडी. कायमचे करायचे तर ग्रबच्या ओळीत केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=० घाला, अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा. तीस मशीनच्या लॅबला दुसराच मार्ग बरा.

एक्स्टेन्शन पॅकचे लायसन्स वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला मोफत आहे, ऑफिसला नाही. पण ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजमध्येच आले आहेत, त्यामुळे लॅबला त्याची गरज क्वचितच पडेल.

प्रश्न: डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यांत चालवणारे साधन) प्रॉक्समॉक्सच्या एलएक्ससी कंटेनरात चालवावे की व्हीएममध्ये?

व्हीएममध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये रनसीची (डॉकरमधल्या कंटेनर चालवणाऱ्या भागाची) एक सुरक्षा दुरुस्ती आली आणि एलएक्ससीतल्या अनेकांचे डॉकर ‘परमिशन डिनाइड’ म्हणत उभेच राहीना. व्हीएममध्ये चालवणाऱ्यांना तो फटका बसला नाही. प्रॉक्समॉक्स ९.१ मध्ये ओसीआय (डॉकरसारख्या साधनांच्या तयार डब्यांचा प्रकार) प्रतिमेतून थेट एलएक्ससी कंटेनर करता येतो, तोही अजून चाचणीतच आहे. २ जीबी रॅमची छोटी डेबियन व्हीएम करा आणि डॉकर तिच्यात ठेवा.